जबड्याच्या हाडाचा कर्करोग : हलणारा दात काढण्याआधी काय बघायचं

दंतमंजिरी · धागाकर्ती

आरोग्याच्या चर्चेत "जबड्याचा कॅन्सर" हा उल्लेख वरचेवर येतो, पण त्या एका नावाखाली तीन-चार वेगळे आजार मिसळलेले असतात. उपचार वेगळे, वागणूक वेगळी. म्हणून आधी ते सुटे करून मांडते. जाणकारांनी भर घालावी.

आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार मुळात हाडात सुरू होतच नाही. तो गालाच्या आतल्या अस्तरावर किंवा हिरडीवर उठतो आणि तिथून हाडात शिरतो. तंबाखू-चुन्याची गोळी, मावा, खर्रा, गुटखा जिथे दाबून ठेवतात, ती गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच हीच त्याची ठरलेली जागा. मिश्री लावणाऱ्या बायकांमध्ये तो थेट हिरडीवरही दिसतो. हिरडीचं अस्तर हाडाला चिकटलेलं असतं, मध्ये ना चरबी ना स्नायू. जिभेवरची गाठ तीन-चार मिलिमीटर खोल गेली तरी मांसातच असते. हिरडीवरची तेवढ्यात हाडाला टेकते.

दुसरा प्रकार खरोखर हाडात जन्मणारा : ऑस्टिओसार्कोमा, काँड्रोसार्कोमा वगैरे. हे दुर्मीळ, आणि तंबाखूशी त्यांचा संबंध नाही. तिसरा गट दात घडवणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या गाठींचा. त्यातला अमेलोब्लास्टोमा सहसा शरीरभर पसरत नाही, म्हणून त्याला कर्करोग म्हणत नाहीत, पण हाड पोखरत जातो आणि नुसता खरवडून काढला तर पुन्हा उगवतो. चौथा प्रकार दुसऱ्या अवयवातून आलेला. स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, प्रोस्टेट, थायरॉइड यांचा कर्करोग जबड्यात, विशेषतः खालच्या दाढांच्या मागे, येऊन बसू शकतो. क्वचित मूळ आजाराचा पत्ताच जबड्यावरून लागतो.

धागा काढण्याचं कारण मात्र दात. हाड पोखरलं गेल्याची पहिली खूण पुष्कळदा दातच देतो, म्हणून रुग्ण आधी दातांच्या दवाखान्यात येतो. एखाद-दुसरी दाढ हलते, "काढून टाका" म्हणतात, ती विनासायास निघते आणि जखम भरतच नाही. मग प्रतिजैविकं आणि गुळण्या यांत दोन-तीन महिने जातात. काढलेल्या दाताचा खड्डा म्हणजे गाठीला हाडाच्या आत उतरायला मोकळी वाट, आणि खड्ड्याच्या कडा सुजलेल्या असल्यामुळे गाठ नेमकी कुठवर आहे हे नंतर स्कॅनमध्येही धूसर दिसतं. म्हणून माझं ठाम मत : दात का हलतोय हे एक्सरेवर कळल्याशिवाय तो काढू नये आणि काढूनही घेऊ नये.

साधा_वाचक

पण पायोरियानेही दात हलतात की. सामान्य माणसाने फरक कसा ओळखायचा?

दंतमंजिरी

खात्रीने ओळखता येणार नाही, पण संशय कधी घ्यायचा ते सांगता येतं. पायोरिया वर्षानुवर्षं चालतो, बरेच दात कमी-अधिक हलतात, कीट असतं, हिरड्या सगळीकडून खाली गेलेल्या असतात. कर्करोगात शेजारचे एक-दोन दातच काही आठवड्यांत ढिले होतात आणि बाकीचे घट्ट असतात. दात भुसभुशीत मातीत रोवलेल्या खुंटासारखा सगळ्या दिशांना डुलतो.

त्याच्या जोडीला पुढचं काही असेल तर थांबू नका. दाताभोवती लाल, दाणेदार, बोट लावताच रक्त येणारं मांस. दोन ते तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, विशेषतः ज्याच्या कडा हाताला कडक लागतात. दात काढल्यावर खड्ड्यातून वर येणारं मांस. साध्या खड्ड्यावर दोन-तीन आठवड्यांत हिरडी धरू लागते. आतलं हाड भरायला महिने लागतात ती गोष्ट निराळी. वर्षानुवर्षं व्यवस्थित बसणारी कवळी अचानक टोचू लागणं. त्याच बाजूचा कान दुखणं, कानात मात्र काही न सापडणं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित खूण म्हणजे खालचा अर्धा ओठ आणि हनुवटी बधिर होणं. खालच्या जबड्यातून एक नस जाते. ती मागच्या बाजूने आतून हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालच्या नलिकेतून पुढे येते आणि छोट्या दाढांच्या खाली बाहेर पडून ओठाला संवेदना देते. गाठ त्या नलिकेत गेली की ओठ बधिर होतो. डोळे मिटायला सांगून कापसाची वात दोन्ही बाजूंना हलकेच फिरवायची, एका बाजूला कळत नसेल तर नोंद करायची. नुकतीच अक्कलदाढ काढली असेल किंवा मोठा पू झाला असेल तर त्यानेही बधिरपणा येतो. तसं काहीच कारण नसेल तर स्कॅन झालाच पाहिजे, तोंडात काही दिसत नसलं तरी.

कृष्णधवल

मंजिरीताईंशी सहमत. क्ष-किरणांच्या बाजूने लिहितो.

पहिला फोटो ओपीजी, म्हणजे मशीन डोक्याभोवती फिरून दोन्ही जबड्यांचा काढतं तो सलग फोटो. स्वस्त आहे, तालुक्याच्या गावीही होतो. पण त्याच्या मर्यादा लक्षात ठेवा. हाडातले क्षार साधारण ३० ते ५० टक्के कमी झाल्याशिवाय साध्या एक्सरेवर काळेपणा दिसत नाही. शिवाय पुढच्या पटाशीच्या दातांच्या भागावर मानेच्या मणक्यांची सावली पडते, त्यामुळे हनुवटीजवळची झीज हुकते. म्हणून ओपीजी नॉर्मल आला आणि व्रण मात्र हिरडीवर आहे, तर "हाड ठीक आहे" असा अर्थ काढू नये.

ओपीजीत बघायचं ते असं. पुळी (पाण्याने भरलेली पिशवी, सिस्ट) किंवा गळू असेल तर काळा डाग गोल, रेखीव काठाचा असतो. कर्करोगात काठ फाटके, वाळवीने खाल्ल्यासारखे. दातांच्या मुळांभोवतीचं हाड गायब, दात अधांतरी. नसेच्या नलिकेची पांढरी किनार तुटलेली. एक खूण खास ऑस्टिओसार्कोमाची : एक-दोन दातांच्या मुळाभोवतीची बारीक काळी रेघ दोन्ही बाजूंनी सारखीच रुंदावलेली. ही फार लवकर दिसते आणि फार वेळा नजरेतून सुटते.

त्यापुढे कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उठून दिसणारं औषध शिरेतून, देऊन सीटी. गालाच्या गाठीसाठी रुग्णाला गाल फुगवून धरायला सांगतात. त्याने गाल आणि हिरडी सुटी होतात आणि गाठ कुठल्या पृष्ठभागावर आहे ते कळतं. गाल न फुगवता काढलेल्या सीटीत दोन्ही चिकटलेले दिसतात, मग शल्यविशारद पुन्हा फोटो मागतात आणि रुग्णाचे पैसे दोनदा जातात. पाठवतानाच चिठ्ठीवर "गाल फुगवून" लिहावं. दातांवर धातूच्या टोप्या असतील तर चकाकीच्या रेघा येतात, ते आधी सांगावं.

एमआरआय हाडाच्या आतल्या मगजासाठी आणि नसेबाजूने पसरलंय का ते पाहण्यासाठी. मात्र नुसत्या सुजेनेही मगजाचा रंग बदलतो, त्यामुळे एमआरआय कधी कधी आजार आहे त्याहून मोठा दाखवतो. नुकताच दात काढला असेल तर हे हमखास होतं. दातांच्या दवाखान्यातलं सीबीसीटी, म्हणजे जबड्यापुरता छोटा सीटी, हाडाची किनार सुंदर दाखवतं, पण मऊ भाग आणि गळ्यातल्या गाठी त्यात कळत नाहीत. ते सीटीला पर्याय नाही.

पेशीवाचक

तुकड्याच्या तपासणीबद्दल (बायॉप्सी).

तुकडा व्रणाच्या काठावरून घ्यायचा, थोडा रोगट आणि थोडा चांगला भाग मिळून. मधोमध घेतला तर हाती येतो कुजलेला थर, आणि रिपोर्ट येतो "फक्त दाह, निदान करता येत नाही". रुग्ण तो कागद बघून निर्धास्त होतो. डोळ्यांना कर्करोग दिसतोय आणि रिपोर्ट साधा आलाय, तर तुकडा पुन्हा घ्यायचा. रिपोर्ट फाईलला लावून गप्प बसायचं नाही. तुकडा दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रव असेल अशा बाटलीत. सलाईनमध्ये रात्रभर ठेवलेल्या तुकड्याच्या पेशी फुटून जातात.

मऊ भागाचा रिपोर्ट तीन ते पाच दिवसांत येतो. हाडाच्या तुकड्यातले क्षार आम्लात विरघळवून घ्यावे लागतात, तेव्हाच त्याचे पातळ काप निघतात. त्याला आठवडा किंवा जास्त लागतो. प्रयोगशाळेला फोनवर फोन करून हे लवकर होत नाही, घाई केली तर पेशी खराब होतात.

हाडाच्या आत गाठ असेल आणि वरचं अस्तर शाबूत असेल, तर हाड उघडण्याआधी जाड सुई घालून ओढून बघायचं. भळाभळा ताजं रक्त आलं तर ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, आणि ती दवाखान्याच्या खुर्चीत उघडली तर रक्तस्राव आवरत नाही. पिवळसर पाणी आलं तर बहुधा पुळी.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका. तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि ज्यातून त्यांचे काप काढतात ते मेणाचे ठोकळे, दोन्ही मागून घ्या. मोठ्या केंद्रात काचा पुन्हा वाचतात, गरज पडली तर ठोकळ्यातून नव्या काढतात.

विदर्भवासी

आमच्याकडे खर्रा सोडून नुसती सुपारी खाणारे पुष्कळ आहेत. तंबाखू नाही म्हणून धोका नाही, असा समज पक्का आहे. खरं काय?

दंतमंजिरी

धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखूशिवायही, २००४ च्या अहवालात कर्करोगजनकांच्या पहिल्या गटात टाकलंय. त्याच गटात तंबाखू आहे. सुपारीने गालाच्या अस्तराखाली तंतू साठतात, गाल ताठ होतो, तिखट लागलं की जळजळतं आणि तोंड हळूहळू कमी उघडतं. मोठ्या माणसाचं तोंड पुढच्या दातांच्या मध्ये मोजलं तर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर उघडतं; स्वतःची तीन बोटं उभी आत गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर दाखवा. अशा गालावर कर्करोग उठण्याची शक्यता बरीच जास्त, आणि तोंडच उघडत नसल्यामुळे मागचा व्रण ना रुग्णाला दिसतो ना डॉक्टरला.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर सुगंधी सुपारी आणि तंबाखूच्या वेगळ्या पुड्या मिळतात, लोक त्या एकत्र करतात, परिणाम तोच. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, मोफत आहे.

मनस्वी_के

रिपोर्टवर "टी ४ ए" लिहून आलं की घरचे चौथी स्टेज म्हणून खचतात. उपचार करण्यात अर्थ उरतो का?

टाके_आणि_धागे

शस्त्रक्रियेच्या बाजूने लिहितो. हा प्रश्न वारंवार येतो म्हणून सविस्तर.

जबड्याचा बाहेरचा कडक थर भेदून गाठ आत गेली की ती नियमाने टी ४ ए होते आणि एकूण टप्पा चौथा लिहिला जातो. त्याचा अर्थ आजार अंगभर पसरला असा होत नाही. फुप्फुसात, यकृतात काही नसेल आणि गाठ काढण्यासारखी असेल, तर उपचार बरं करण्याच्या हेतूनेच होतात. हिरडीच्या गाठीने हाड फक्त वरवर खरवडलं असेल तर तेवढ्याने टी ४ धरतही नाहीत. टी ४ बी वेगळं. त्यात गाठ चावण्याच्या स्नायूंच्या मागच्या पोकळीत, कवटीच्या तळाशी किंवा मानेच्या मुख्य धमनीभोवती गेलेली असते. तिथे शस्त्रक्रियेचा निर्णय अवघड, रुग्णागणिक वेगळा.

आता हाड किती काढायचं. गाठ हाडाला नुसती टेकली असेल किंवा वरच्या काठावरच असेल, तर काठ तासून काढता येतो आणि जबड्याची सलगता राहते. अट अशी की खाली निदान एक सेंटिमीटर उंचीचं हाड उरलं पाहिजे. त्याहून कमी उरलं तर चावताना मोडतं. कापही कोनात न घेता गोलाईने घ्यायचा, कारण काटकोनात ताण एकवटतो आणि तडा तिथूनच जातो. दात पडून वर्षं झालेल्या वृद्ध माणसाचा जबडा मुळातच बोटाएवढा उरलेला असतो, त्यात काठ काढायला जागा नसते. आधी शेक (किरणोपचार) दिलेल्या जबड्यातही हा मार्ग घेत नाहीत, कारण तिथे गाठ एका जागेतून न शिरता अनेक जागांतून शिरते. मगजात आजार असेल किंवा ओठ बधिर असेल तर हाडाचा आरपार तुकडाच काढावा लागतो.

मऊ भागात गाठीभोवती एक सेंटिमीटर चांगला भाग घेऊन काढतात. नंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिलिमीटर मोकळा काठ मिळाला तर तो पुरेसा धरतात. मऊ काठ शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासता येतो. हाडाचा तसा येत नाही, पेशीवाचक यांनी वर कारण दिलंच आहे. म्हणून हाड कुठे कापायचं ते आधीच्या सीटीवरूनच ठरवावं लागतं. सीटी चांगला का हवा ते यात आलं.

साधा_वाचक

तुकडा काढल्यावर टायटॅनियमची पट्टी बसवली की झालं ना? पायाचं हाड कशाला काढतात?

टाके_आणि_धागे

पट्टी एकटी फार काळ टिकत नाही. दोन टोकांना स्क्रूने धरलेली पट्टी प्रत्येक घासाला वाकते, वर्ष-दोन वर्षांत मोडू शकते. शेकानंतर वरची कातडी पातळ होऊन पट्टी बाहेर डोकावते, मग पू होतो आणि ती काढावीच लागते. हनुवटीचा मधला भाग काढला असेल तर हाडाशिवाय इलाज नाही. जिभेचे स्नायू तिथेच बांधलेले असतात. तो आधार गेला की जीभ मागे पडते, ओठ आत ओढला जातो, लाळ गळत राहते.

म्हणून पायाचं फिब्युला वापरतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूचं हे बारीक हाड शरीराचं वजन जवळपास पेलतच नाही. त्यातून २२ ते २५ सेंटिमीटर मिळतं. घोट्याकडचे सहा-आठ सेंटिमीटर ठेवायचे म्हणजे घोटा डुगडुगत नाही. गुडघ्याकडेही तसंच, कारण तिथून पाऊल वर उचलणारी नस वळते. हाड त्याच्या धमनी-शिरेसकट आणि वरच्या कातडीच्या तुकड्यासकट काढतात, खाचा पाडून जबड्याच्या आकारात वळवतात आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. खाचांमधला प्रत्येक तुकडा किमान दोन-अडीच सेंटिमीटरचा हवा, नाहीतर त्याचं रक्त तुटतं. सगळं मिळून आठ ते बारा तास.

त्याआधी पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. काहींच्या पावलाला रक्त मुख्यत्वे त्याच धमनीतून जातं, तिथे फिब्युला घेतलं तर पाऊल जाऊ शकतं. शस्त्रक्रिया ठरल्याच्या दिवसापासून तंबाखू पूर्ण बंद. निकोटिनने बारीक वाहिन्या आकसतात, आणि जोडलेली वाहिनी दोन-तीन मिलिमीटरचीच असते.

पहिले ४८ तास दर तासाला त्या कातडीचा रंग बघतात, सुई टोचून रक्त बघतात. निळसर-जांभळी आणि टोचताच काळपट रक्त भराभर आलं तर शीर तुंबलीय. फिकट, गार आणि रक्तच येत नाही तर धमनी बंद. दोन्हीत रुग्णाला तासाभरातच पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. नातेवाइकांना "पुन्हा का नेलं" याची भीती वाटते. वेळेवर नेलं तरच हाड वाचतं.

जिथे सूक्ष्मजोडणीची सोय नाही किंवा रुग्णाच्या हृदयाला एवढा वेळ झेपणार नाही, तिथे छातीचा स्नायू आणि कातडी वळवून आणतात. बाजूचा जबडा गेला असेल तर हे चालतं. उरलेला जबडा कापलेल्या बाजूकडे सरकतो आणि दात जुळत नाहीत. त्यासाठी लवकर व्यायाम आणि दातांवर बसणारा मार्गदर्शक पट्टा लागतो. याला कमी दर्जाचा उपचार समजू नये. गाठ नीट निघणं पहिलं.

मनस्वी_के

गळ्यात गाठ लागत नसताना मान का उघडतात?

टाके_आणि_धागे

मानेतल्या हाताला न लागणाऱ्या लसिकाग्रंथींतही (त्यांनाच इथे मानेतल्या गाठी म्हणतो) कर्करोगाच्या पेशी असू शकतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी यावर मोठा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडाचा लवकरच्या टप्प्यातला कर्करोग आणि गळा मोकळा असलेल्या रुग्णांत, पहिल्याच वेळी मानेतल्या गाठी काढलेले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. वाट बघून, गाठ आली तरच काढायची ठरवलेल्यांत ६७.५ टक्के. त्यात जिभेचे रुग्ण जास्त होते, हे सांगायला हवं. तरी हाडात शिरलेल्या गाठीत मान सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

कृष्णधवल

विशीतल्या मुलाच्या जबड्याला कडक सूज, व्यसन काही नाही, असं असेल तर ऑस्टिओसार्कोमा डोक्यात ठेवावा. हातापायात तो दहा ते वीस वयात येतो, जबड्यात सरासरी तिशी-चाळिशीत, पण विशीतही असतो. छातीचा सीटी हवाच, कारण तो आधी फुप्फुसात जातो. जबड्यात मात्र तो तिथल्या तिथे पुन्हा उगवण्यानेच जास्त छळतो.

टाके_आणि_धागे

बरोबर. म्हणून तिथे पहिल्याच शस्त्रक्रियेत मोठा काठ घेऊन काढणं सगळ्यात महत्त्वाचं. केमो आधी की नंतर, ते हाडांच्या कर्करोगाच्या पथकाने मिळून ठरवायचं. दाताच्या गळवासारखं उघडून खरवडणं ही यातली सगळ्यात महाग पडणारी चूक.

नाट्यवेडा

अवांतर : सिग्मंड फ्रॉइड यांना जबड्याचाच कर्करोग होता ना?

दंतमंजिरी

हो, वरच्या जबड्याचा आणि टाळूचा, १९२३ मध्ये. तीसहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या, १९३९ पर्यंत ते कृत्रिम टाळू लावून बोलत-जेवत होते. सिगार शेवटपर्यंत सुटली नाही.

वरच्या जबड्याचं थोडक्यात सांगते. तिथे सायनसची पोकळी असल्यामुळे गाठ बरीच वाढेपर्यंत लपते. एकाच नाकपुडीतून रक्तमिश्रित शेंबूड, गाल बधिर, वरच्या दाढा ढिल्या, डोळा पुढे आलेला, यातलं काहीही असेल तर नाकाच्या फवाऱ्यावर थांबू नये. टाळूचं भोक कृत्रिम टाळूने, ऑब्ट्युरेटरने, झाकतात. शस्त्रक्रियेच्या आधी दातांचा साचा घेऊन ठेवला तर तो टेबलावरच बसवता येतो, आणि रुग्ण लवकर तोंडाने घेऊ-बोलू लागतो. साचा आधी घ्यायला विसरलं तर सुजलेल्या, न उघडणाऱ्या तोंडाचा नंतर घेता येत नाही.

किरणमयी

शस्त्रक्रियेनंतरचा शेक. साधारण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक), ३० भागांत, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. काठावर पेशी उरल्या असतील किंवा मानेतल्या गाठीचं आवरण भेदून आजार बाहेर आला असेल तर ६६ ग्रेपर्यंत आणि सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. मधले दिवस चुकवू नयेत. खंडात उरलेल्या पेशी वाढतात. "घरी लग्न आहे, आठवडाभर थांबतो" हे डॉक्टरांना न विचारता करू नका.

दातांचं मात्र आधी. न वाचणारे दात शेक सुरू होण्यापूर्वी किमान दोन आठवडे काढून व्हायला हवेत. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुख्यत्वे एकाच धमनीतून, शेकाने ती बारीक होते, मग नंतर काढलेल्या दाताची जखम भरत नाही आणि हाड मरतं. तीन महिन्यांहून जास्त काळ उघडं पडलेलं, न झाकलं जाणारं हाड म्हणजे तीच अवस्था, मात्र आजार परत आलेला नाही ना हे आधी तपासायचं. हा धोका दहा वर्षांनीही जात नाही. म्हणून पुढे कधीही कुठल्याही दंतवैद्याकडे गेलात तर "जबड्याला शेक झालाय" हे पहिलं वाक्य.

लाळ कमी झाल्याने दात मानेपाशी किडतात. रोज रात्री फ्लोराइड जेल दातांच्या साच्यात घालून पाच मिनिटं, नंतर अर्धा तास पाणी नाही. हे आयुष्यभर. तोंड आलं असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ, दिवसातून चार-सहा वेळा गुळणी. अल्कोहोलवाले माउथवॉश नकोत.

शुश्रूषा

शस्त्रक्रियेनंतर नाकातून पोटात घातलेल्या नळीतून खाण्यावर कुणीच नीट सांगत नाही, म्हणून लिहिते.

५० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० कॅलरी आणि ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. तांदळाची पेज आणि सरबत एवढ्यावर ती भरत नाहीत; वजन उतरतं, जखम उघडते. लिटरभर दुधातून ३२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, एका अंड्यातून सहा. अंडं उकडून, दुधात मिक्सरमध्ये फिरवून, गाळून. कच्चं कधीच नाही. नाचणीचं सत्त्व, मुगाचं वरण, भाज्यांचं सूप, प्रत्येक वेळी चमचाभर तेल किंवा तूप. सगळं बारीक गाळणीतून किंवा मलमलच्या कापडातून. नळी बंद पडते ती न गाळलेल्या नाचणीने आणि अर्धवट कुटलेल्या गोळ्यांनी.

एका वेळी २०० ते २५० मिली, दर दोन-तीन तासांनी. डोकं उंच करून बसवायचं, नंतरही अर्धा तास आडवं करायचं नाही. आधी नाकाशी नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघा. सरकली असेल, खोकला येत असेल, धाप लागत असेल तर काहीही घालू नका, फुप्फुसात जाईल. सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दट्ट्या दाबून ढकलायचं नाही. शेवटी ३० ते ५० मिली पाणी. तुंबली तर कोमट पाणी सिरिंजने हलकेच आत-बाहेर करा, तार घालू नका. नळी निघाली तर घरी घालायची नाही, आत ताजे टाके असतात.

गोवेकर

खर्चाचं कसं? आणि गोव्यातल्यांना काय सोय आहे?

शुश्रूषा

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. कर्करोगाची शस्त्रक्रिया, शेक, केमो त्यात येतात. रेशन कार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आधी बघा, मंजुरी तिथेच अडकते. अंगीकृत रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसतो, दाखल होण्याआधी त्याला भेटा. आधी पैसे भरून नंतर योजनेत घालणं सहसा जमत नाही. शेक आणि शस्त्रक्रिया वेगवेगळ्या रुग्णालयांत होणार असतील तर दोन्ही योजनेत आहेत का ते विचारा. माहितीसाठी १५५३८८. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. उपचारासाठी रेल्वेने जाताना रुग्णाला आणि सोबत्याला सवलत असते, त्याचा ठरलेला नमुना रुग्णालयातून भरून घ्यायचा.

मनस्वी_के

शेवटचा प्रश्न. सगळे उपचार झाल्यावर तोंड उघडेनासं होतं, त्याला काय करायचं? आणि तपासणी किती दिवसांनी?

किरणमयी

तोंडाचा व्यायाम शेक चालू असतानाच सुरू करायचा. स्नायू एकदा ताठरले की फार थोडं परत मिळतं. हाड जोडलं असेल तर किती जोर चालेल ते शल्यविशारदांना विचारून. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत मागच्या दातांमध्ये घालायची, ताण जाणवेल पण कळ येणार नाही इतपत. सात सेकंद धरायचं, असं सात वेळा, दिवसातून सातदा. आठवड्याला एक काडी वाढवता आली तरी चांगलं. काड्या किती बसतात ते वहीत लिहून ठेवा. चालू असलेला व्यायाम न चुकवताही तोंड पुन्हा कमी उघडू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

तपासणी पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, मग पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी. आजार परतला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परततो. मानेला शेक असेल तर थायरॉइडची टीएसएच ही रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. सुस्ती आणि वाढतं वजन "अशक्तपणा" म्हणून सोडून देतात आणि ते थायरॉइड असतं.

दंतमंजिरी

एक भर. तपासणीला जाताना कवळी काढून जा, आणि दुसऱ्या बाजूचा गाल, जिभेच्या कडा, टाळूही बघायला सांगा. तंबाखू-सुपारी सगळ्या तोंडाला लागलेली असते, दुसरी नवी गाठ वेगळ्याच जागी उठू शकते.